तीव्र स्लीप ॲप्निया निघाला, सीपॅप लिहून दिलं: पहिल्या तीन महिन्यांत काय काय करायचं

रिपोर्टवर ‘सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ असं आलं आणि डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं, की बहुतेक घरांत दोन प्रश्न विचारले जातात. ‘म्हणजे आता जन्मभर व्हेंटिलेटर?’ आणि ‘त्यापेक्षा वजन कमी केलं तर नाही का चालणार?’ दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. पहिल्याचं उत्तर आधी देते: सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे. श्वास तुमचा तुम्हीच घेता. मशीन फक्त खोलीतली हवा गाळून थोड्या दाबाने नाकात सोडतं, म्हणजे झोपेत घसा मिटत नाही.

शहाळ्यातला कागदी स्ट्रॉ भिजला की जोरात ओढल्यावर आतून चिकटतो आणि पाणी यायचं थांबतं, ते आठवून बघा. झोपेत स्नायू सैल पडल्यावर जिभेमागचा घसा असाच चिकटतो. छाती जोर लावत राहते, पण हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठ्ठा घोरल्याचा आवाज येतो आणि श्वास सुटतो. मग पुन्हा तेच, रात्रभर. यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. सकाळी यातलं काहीच आठवत नाही, म्हणून ‘मला तर छान झोप लागते’ असं माणूस अगदी मनापासून सांगतो.

१९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी उलट्या दिशेने हवा सोडणारी व्हॅक्युम क्लीनरची मोटर वापरून सीपॅपचा हा उपाय पहिल्यांदा करून पाहिला. १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडणं. आपल्याकडे या आजाराचं नाव घरोघरी पोचलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, बप्पी लाहिरी मुंबईत गेले आणि डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया सांगितलं तेव्हा.

मी स्लीप लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रात्री रुग्णांच्या डोक्याला वायरी लावणं, मास्क बसवणं, प्रेशर ठरवायला मदत करणं हे माझं काम. ज्यांचं मशीन महिन्याभरात खोक्यात परत जातं, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा मशीन बरोबर असतं. मास्क चुकीचा असतो, किंवा पहिल्या पंधरा दिवसांतल्या लहानसहान तक्रारी कुणाला सांगितलेल्याच नसतात. या तक्रारी सुटतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: रिपोर्ट समजून घ्या

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा शोधा. झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा बराच उथळ झाला, ते तो सांगतो. किमान १० सेकंद टिकलेली घटनाच मोजली जाते. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एएचआय ४८ असेल आणि माणूस सात तास झोपला असेल, तर रात्रीत ३३६ वेळा हे घडलं. हा गुणाकार घरच्यांसमोर करून दाखवा. ‘घोरणं तर सगळ्यांचंच असतं’ हे वाक्य त्यानंतर सहसा ऐकू येत नाही.

दुसरा आकडा सर्वांत खाली गेलेल्या ऑक्सिजनचा. तो ७० च्या घरात दिसला तर उपचार सुरू करायला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका. तिसरी गोष्ट, घटना ऑब्स्ट्रक्टिव्ह आहेत की सेंट्रल. ऑब्स्ट्रक्टिव्हमध्ये घसा मिटतो. सेंट्रलमध्ये घसा उघडा असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. सेंट्रल घटना बऱ्याच असतील तर उपचाराची दिशा बदलते, म्हणून डॉक्टरांना हे थेट विचारा.

वजन खूप जास्त असेल, सकाळी डोकं जड होऊन दुखत असेल, दिवसाही ऑक्सिजन कमी भरत असेल, तर रक्तातलं बायकार्बोनेट तपासलं आहे का ते बघा. ते २७ किंवा त्याहून जास्त असेल तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याची शंका येते. मग डॉक्टर धमनीतल्या रक्ताची तपासणी करतात आणि सीपॅपऐवजी बायपॅप हे वेगळ्या प्रकारचं मशीन लागू शकतं.

मशीन घरी येईपर्यंतच्या दिवसांसाठी तीन गोष्टी. कुशीवर झोपा, उताणं नको. दारू पूर्ण बंद. आणि झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. चौथी गोष्ट हात जोडून सांगते: दिवसा पेंग येत असेल तर गाडी चालवू नका. या आजारात अपघाताचा धोका इतरांच्या दुप्पट-अडीचपट असतो. पुणे-मुंबई एक्सप्रेस वेवरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागायला दोन सेकंद पुरतात. ड्रायव्हिंगवरच पोट असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे उपचार लवकर सुरू करता येतील.

दुसरी पायरी: मशीन निवडणं

मशीनचे मुख्य प्रकार तीन. साधं सीपॅप रात्रभर एकच प्रेशर देतं. ऑटो सीपॅप दिलेल्या मर्यादेत, समजा ६ ते १४, स्वतःच कमीजास्त करतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी प्रेशर देतं. प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि सीपॅपचा पल्ला साधारण ४ ते २० असतो. ऐकायला मोठं वाटतं, पण १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. फुप्फुसं फुटतील वगैरे भीती मनातून काढून टाका.

कोणता प्रकार घ्यायचा हे डॉक्टर ठरवतील. हृदयाचं पंपिंग कमी असेल, फुप्फुसांचा जुना आजार असेल किंवा सेंट्रल घटना असतील तर ऑटो मशीन स्वतःच्या मनाने आणू नका. तुम्ही विक्रेत्याला विचारायचं ते वेगळं. मशीन रोजचा एएचआय, लीक (मास्कच्या कडेने सुटणारी हवा) आणि वापराचे तास नोंदवतं का? ही नोंद डॉक्टरांना कार्डवरून किंवा मोबाइलवरून बघता येते का? ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा पाण्याचा डबा, सोबत आहे का? सर्व्हिसला माणूस तुमच्या गावात येतो, की मशीन मुंबईला पाठवावं लागतं? नोंद न ठेवणारं मशीन स्वस्तात मिळत असलं तरी घेऊ नका. उपचार लागू पडतोय की नाही हे कळायचा दुसरा मार्ग घरात नसतो.

शक्य असेल तर आधी भाड्याने घ्या. मोठ्या शहरांत बहुतेक विक्रेते भाड्याने किंवा ट्रायलवर देतात, आणि एवढ्या खर्चाच्या वस्तूबाबत तसं मागण्यात संकोच कशाला? जुनं मशीन ओळखीतून मिळत असेल तर मॉडेल तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये ड्रीमस्टेशनसह बरीच मॉडेल्स परत मागवली होती, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासातून जाण्याची शक्यता होती. जुन्या मशीनवर आधीच्या माणसाचं प्रेशर सेट असतं, तेही बदलून घ्यावं लागतं. मास्क, नळी आणि फिल्टर तर नवीनच हवेत.

खर्चाबद्दल: सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) आणि ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि तज्ज्ञांची शिफारस जोडून मशीनसाठी परवानगी घेता येते. अर्ज खरेदीच्या आधी करायचा. खासगी मेडिक्लेममध्ये घरी वापरायच्या मशीनचे पैसे सहसा मिळत नाहीत, तरी पॉलिसीचा कागद एकदा वाचाच.

आणि एक गैरसमज इथेच दूर करते. कोविडच्या काळात बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. ‘तेच रात्री लावलं तर?’ असं खूपजण विचारतात. घसा मिटलेला असताना नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडला तरी वाट उघडत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला तो अंगावर येऊ शकतो. सीपॅपच्या जागी कॉन्सन्ट्रेटर चालत नाही.

तिसरी पायरी: मास्क. इथे घाई करू नका

मशीन निवडायला लोक आठवडाभर चौकशी करतात आणि मास्क मात्र दुकानदार देईल तो पाच मिनिटांत घेऊन येतात. वेळ उलटा द्यायला हवा. मशीन कपाटात ठेवण्याची वेळ येते ती बहुधा मास्कमुळे.

मास्क तीन तऱ्हेचे. नाकपुड्यांत हलके टेकणारे नेझल पिलो, पूर्ण नाकावर बसणारा नेझल मास्क, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. नवीन माणसाला वाटतं की फुल फेस सर्वांत सुरक्षित, कारण तोंड उघडलं तरी हवा जाणार नाही. पण तो आकाराने मोठा, लीक जास्त, आणि काही जणांत त्याच्या पट्ट्यांनी जबडा मागे ढकलला जाऊन घसा आणखी अरुंद होतो. नाकाने श्वास घेता येत असेल तर सुरुवात नेझल मास्कने करावी, असं माझं ठाम मत आहे. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा बारा महिने नाक चोंदलेलं असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकाचा स्प्रे महिनाभर घेऊन नेझल मास्क जमलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

आता बसवायची रीत. मास्क आरशासमोर उभं राहून बसवू नका. पलंगावर, तुमच्या रोजच्या उशीवर, झोपायच्या स्थितीत बसवा, कारण आडवं झाल्यावर गाल आणि जबडा सरकतात. रात्री कवळी काढून ठेवत असाल तर मापही कवळी काढूनच घ्या, नाहीतर ओठांच्या कडेने हवा सुटेल. पट्टे आधी सैल ठेवा आणि मशीन सुरू करा. मग मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा, म्हणजे सिलिकॉनची कड हवेने फुगून नीट बसते. आता दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी थोडे थोडे आवळा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. डाव्या कुशीवर वळा, उजव्या कुशीवर वळा. डोळ्यांकडे हवा येते का बघा, कारण तिथला लीक सकाळी डोळे लाल करतो. लीक झाला की लोक पट्टा आणखी आवळतात आणि तो वाढतो, कारण कड दुमडते. अशा वेळी सैल करून पुन्हा बसवायचं.

मास्कवर बारीक भोकं असतात आणि त्यातून सतत सूं असा आवाज येतो. ती तशीच हवीत. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर पडतो. हवा वाया जाते म्हणून घरच्यांनी त्यावर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. असं कधीही करू नका.

एका काकूंना नेझल पिलो दिलं होतं आणि रात्री दोनला त्या ते काढून टाकत. मी मास्क हातात घेतला, उजव्या नाकपुडीची कड एका बाजूला दबलेली होती. विचारलं, “काकू, झोपताना चमकी काढता का?” “नाही गं बाई, लग्नापासून काढली नाही, आता भोक बुजेल.” नाकपुडीच्या आतली फिरकी पिलोला टेकत होती आणि रात्रभर टोचत होती. चमकी काढायला लावायची गरज नव्हती. पूर्ण नाकावर बसणारा मास्क दिला, त्याची कड चमकीच्या बाहेरून गेली, आणि त्रास थांबला. पुरुषांच्या बाबतीत हेच मिशी-दाढीचं होतं. जाड मिशीवर मास्कची कड टेकत नाही. मिशी कापायची नसेल तर नेझल पिलो करून बघा.

काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, किंवा मेंदूत अथवा डोळ्यात धातूचं काही बसवलेलं असेल, तर बिनचुंबकाचा मास्क मागा. ते चुंबक अशा उपकरणांपासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहावे लागतात आणि झोपेत ते सांभाळता येत नाही.

चौथी पायरी: आधी दिवसा सराव

पहिल्याच रात्री मास्क लावून सात तास झोपायचं ठरवू नका. दोन-तीन दिवस संध्याकाळी खुर्चीत बसून, टीव्ही बघत, अर्धा-पाऊण तास मास्क लावा. आधी मशीनशिवाय फक्त नाकाशी धरा, मग पट्टे लावा, मग मशीन सुरू करा. तोंड मिटलेलं, श्वास नाकाने. नेझल मास्क लावून बोलायला गेलात तर हवा तोंडातून भसकन बाहेर येते आणि जीव घाबरतो. बोलायचं असेल तर मशीन बंद करा.

बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ही पायरी दोन आठवडे चालू ठेवली तरी हरकत नाही. मास्क आपल्याच हाताने एका झटक्यात काढता येतो, हे हाताला सवयीचं झालं की भीती ओसरते. क्लिप डोळे मिटून काढायचा सराव करा. ‘रात्री वीज गेली तर गुदमरेन का’ ही शंकाही इथेच मिटवून टाका. फुल फेस मास्कमध्ये झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नेझल मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं.

पाचवी पायरी: पहिली रात्र

मशीन पलंगाच्या पातळीला किंवा थोडं खाली, एखाद्या स्टुलावर ठेवा, म्हणजे नळीत पाणी जमलं तर ते नाकाकडे येणार नाही. थेट जमिनीवर नको, धूळ ओढली जाते. मशीनची हवा घेण्याची जागा पडद्याने झाकली जाऊ देऊ नका. मच्छर कॉइल किंवा अगरबत्ती त्या खोलीत लावूच नका, कारण फिल्टर धूळ अडवतो, धूर अडवत नाही, आणि तो थेट तुमच्या छातीत जातो. मच्छरदाणी मात्र चालते. नळी तिच्या खालून आत घ्या.

चेहरा साबणाने धुऊन पुसा. क्रीम किंवा कपाळावर ओघळलेलं खोबरेल तेल असेल तर मास्क घसरतो आणि सिलिकॉन खराब होतं. रॅम्प चालू करा, म्हणजे प्रेशर कमी पातळीवरून हळूहळू वर जाईल. श्वास सोडताना प्रेशर किंचित कमी करणारी सोयही बहुतेक मशीनमध्ये असते, ती सुरू करून घ्या. प्रेशरचा मुख्य आकडा मात्र स्वतः बदलू नका.

काहींना पहिल्याच रात्री गाढ, स्वप्नांनी भरलेली झोप लागते, वर्षानुवर्षं तुटलेली झोप शरीर भरून काढतं. काहींना तासभरही झोप लागत नाही. दोन्ही ठीक आहे. पहाटे तीनला डोळा उघडला आणि मास्क नकोसा झाला, तर मशीन बंद करा, पाणी प्या, दहा मिनिटं बसा, पुन्हा लावा.

सहावी पायरी: पहिले पंधरा दिवस, तक्रारी आणि उपाय

तक्रार तिसऱ्या दिवशी सांगा, महिन्याने नव्हे. विक्रेत्याचा तंत्रज्ञ आणि लॅबमधली आमच्यासारखी माणसं यासाठीच असतात.

घसा कोरडा पडत असेल तर झोपेत तोंड उघडतंय. ह्युमिडिफायर एक-दोन पायऱ्या वाढवा, नाक मोकळं ठेवा. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, नाहीतर फुल फेस मास्ककडे वळावं लागतं. इंटरनेटवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावू नका, उलटी झाली तर ते जिवावर बेतेल.

नाक चोंदत असेल, शिंका येत असतील, तर झोपण्यापूर्वी सलाइनचे थेंब टाका आणि ह्युमिडिफायर वाढवा. पोटात हवा भरून ढेकरा येत असतील तर हवा गिळली जातेय. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा, उशाकडची बाजू थोडी उंच करा. तरी थांबलं नाही तर डॉक्टर प्रेशर कमी करून बघतात किंवा बायपॅपचा विचार करतात. नाकाच्या हाडावर लाल वळ उठत असेल तर मास्क फार घट्ट आहे किंवा माप चुकलंय. कातडी सोलली जाण्याआधी बदला.

नळीत पाणी साठून गुडगुड आवाज येणं हा एसीचा आणि थंडीचा प्रश्न. मशीनमधून ऊबदार ओलसर हवा निघते आणि गार खोलीत नळीतच तिचं पाणी होतं. नळी गोधडीखालून घ्या, नळीला कापडी खोळ शिवून घाला, किंवा आतून गरम होणारी नळी घ्या. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात हवा एवढी ओली असते, की ह्युमिडिफायर कमी किंवा बंद ठेवूनही चालतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलर नसेल तर तोच पूर्ण लागतो. सेटिंग ऋतूप्रमाणे बदलत राहायचं.

झोपेत आपल्याही नकळत मास्क काढून टाकणं फार जणांचं होतं. बहुधा लीक किंवा कमी पडणारं प्रेशर याचं ते लक्षण असतं. कोणत्या वेळी काढला जातो ते मशीनच्या नोंदीत दिसतं, तेवढं डॉक्टरांना दाखवा.

सातवी पायरी: आकडे बघा, पण योग्य ते

रोज सकाळी मशीनच्या पडद्यावर तीन गोष्टी बघा: एएचआय, लीक, तास. उपचार चालू असताना एएचआय ५ च्या आत हवा. लीकची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वरचा लीक जास्त धरतात. एखाद्या रात्री आकडा बिघडला म्हणून घाबरू नका, आठवड्याची सरासरी बघा. एएचआय सतत १० च्या वर राहत असेल किंवा ‘क्लिअर एअरवे’ (घसा उघडा असूनही श्वास थांबलेल्या) म्हणून बऱ्याच घटना दिसत असतील तर डॉक्टरांना कळवा. काही रुग्णांत सीपॅप सुरू केल्यावर नव्याने सेंट्रल घटना दिसतात. त्या बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप जातात, पण लक्ष ठेवावं लागतं.

तासांबद्दल जरा थांबून सांगते. ‘चार तास लावलं की पुरे’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आलाय: ३० दिवसांत ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला तर तिथे मशीनचे पैसे चालू राहतात. शरीराच्या दृष्टीने तो किमान आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि घसा तेव्हाच सर्वाधिक सैल असतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस नेमका सर्वांत धोक्याचा भाग उपचाराविना काढतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासात २,७१७ जण होते आणि मशीनचा सरासरी वापर रात्री ३.३ तास भरला. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, मनःस्थिती सुधारली, पण हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तेवढ्या तासांकडून तेवढीच अपेक्षा ठेवता येते, असं मी मानते. म्हणून झोप असेल तिथे मास्क असावा, दुपारची वामकुक्षीसुद्धा त्यात आली.

फरक कुठे जाणवतो? पुष्कळांना पहिल्यांदा बाथरूमच्या खेपांत. घसा मिटलेला असताना छाती जोर लावते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, ते शरीरात पाणी जास्त झाल्याचा चुकीचा इशारा देतात आणि मूत्रपिंडं लघवी वाढवतात. ‘डायबेटिसमुळे’ किंवा ‘प्रोस्टेटमुळे’ म्हणून रात्री चार वेळा उठणारी माणसं मशीन लावल्यावर एकदाच उठतात, किंवा उठतही नाहीत. सकाळची डोकेदुखी जाते. शेजारी झोपणाऱ्यालाही झोप मिळते. बीपी थोडं उतरू शकतं, पण गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका.

आठवी पायरी: साफसफाई

मास्कची कड रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसा. आठवड्यातून एकदा मास्क, पट्टे आणि नळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. डेटॉल, स्पिरिट आणि कडक ऊन, तिन्ही नको. ह्युमिडिफायरमधलं उरलेलं पाणी रोज ओतून टाका आणि रात्री मेडिकलमधून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर भरा. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी श्वासासाठी नसतं. बोअरवेलचं पाणी घातलंत तर काही दिवसांत तळाला पांढरा क्षार धरतो. तसा धरलाच तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी घालून भिजवा आणि नीट खळबळून घ्या. डिस्टिल्ड संपलं तर एखाद्या रात्री उकळून गार केलेलं पाणी चालेल.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी बघा आणि करडा पडला की बदला. शेजारी बांधकाम चालू असेल तर तो फार लवकर भरतो. नळीचं मोकळं तोंड दिवसा झाकून ठेवा, मुंग्या आणि झुरळं आत जातात. ओझोन सोडणारी सफाईची यंत्रं विकत घेऊ नका, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याबाबत इशारा दिला आहे.

प्रवास, वीज आणि इस्पितळ

ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीनला साध्या पंख्यापेक्षा जास्त वीज लागत नाही, घरचा इन्व्हर्टर रात्रभर ओढतो. गावी लोडशेडिंग असेल तर गणपतीला जाण्यापूर्वी तिथल्या इन्व्हर्टरवर एक रात्र चालवून बघायला सांगा, किंवा मशीनला चालणारी बॅटरी घ्या. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंग पॉइंटवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत ते रात्री ११ ते पहाटे ५ बंद असतात. विमानात मशीन हातातल्या सामानात घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. लिथियम बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत असेल तर अडचण येत नाही, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. निघण्यापूर्वी पाण्याचा डबा रिकामा करा, नाहीतर पाणी मोटरमध्ये जातं.

कुठलंही ऑपरेशन असो, मोतीबिंदूचं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा आणि मशीन घेऊन ॲडमिट व्हा. भूल आणि वेदनाशामक औषधांनी घसा नेहमीपेक्षा जास्त सैल पडतो.

वजनाचं काय?

कमी करा, अवश्य करा. अभ्यासांत दिसलंय की वजन दहा टक्के घटलं तर एएचआय साधारण पाव भागाने उतरतो. ६० वरून ४५ आला तरी तो तीव्रच राहतो, म्हणून वजन उतरेपर्यंत मशीन सोडायचं नाही. लठ्ठपणासह मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असणाऱ्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते तुम्हाला योग्य आहे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. वजन बरंच उतरलं तर मशीन लागतंय की नाही हे पुन्हा स्लीप स्टडी करून कळतं, घोरणं थांबलं यावरून कळत नाही.

पहिली भेट दोन ते चार आठवड्यांत ठेवा, दुसरी तीन महिन्यांच्या आसपास. जाताना मशीनचं कार्ड, मास्क आणि रात्री शेजारी झोपणारा माणूस, तिघांना सोबत न्या. एएचआय ५ च्या आत, वापर सहा-सात तास, आणि तरीही दिवसा पेंग येत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि चालू असलेली औषधं तपासून घ्या. आणि मास्क अजूनही त्रास देत असेल तर तोच सुधारत बसू नका, दुसऱ्या प्रकारचा मागा.